नारिंगी आणि निळे : एका चित्रकथा-द्वैमासिकाचा शेवटचा अंक

‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’ या अमेरिकन द्वैमासिकाचा ३३वा अंक जानेवारी-फेब्रुवारी १९५६ अशी तारीख घेऊन बाजारात आला. किंमत दहा सेंट, पाने बत्तीस, आणि आत वेगवेगळ्या चित्रकारांनी रंगवलेल्या स्वतंत्र विज्ञानकथा. असे अंक त्या काळी अमेरिकेत ढिगाने निघत, हातोहात वाचले जात आणि रद्दीत जात. हा मात्र त्या द्वैमासिकाचा शेवटचा अंक ठरला. एवढेच नव्हे, तर तो काढणाऱ्या ई. सी. कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेचेही ते शेवटचे रंगीत कॉमिक्स ठरले. या अंकातल्या एका कथेचे परीक्षण आणि त्या कथेची ज्यांनी परीक्षा घेतली त्यांचेही थोडे परीक्षण, असे दोन्ही आम्ही येथे करणार आहोत.

सुमारे सत्तर वर्षांपूर्वीच्या परक्या देशातल्या कॉमिक्सशी आपला काय संबंध, असे शिक्षक वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विज्ञानाच्या पुस्तकाआड ठेवलेला वेताळ आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी पकडला असेल, किंवा लहानपणी स्वतः ठेवला असेल. पकडल्यावर पुढे काय करायचे? जप्त करायचे, की वाचू द्यायचे? आणि ते कोणत्या आधारावर ठरवायचे? अमेरिकेत हा प्रश्न १९५४ मध्ये वर्गाबाहेर पडून थेट सिनेटच्या उपसमितीपुढे गेला. तेथे डॉक्टर बोलले, प्रकाशक बोलले, आणि अखेर एक आचारसंहिता तयार झाली. त्या संहितेच्या दारात जी कथा अडली, ती नेमकी पुरावा कसा तपासावा हे शिकवणारी कथा होती. म्हणून हा विषय या मासिकाच्या पानांत बसतो, असे आम्हांला वाटते.

आधी संस्थेविषयी थोडे. ई. सी. ही अक्षरे मुळात ‘एज्युकेशनल कॉमिक्स’ची. मॅक्स गेन्स यांनी बायबल, इतिहास, विज्ञान अशा विषयांवर चित्रकथा काढण्यासाठी ही संस्था स्थापन केली होती. १९४७ मध्ये बोटीच्या अपघातात त्यांचे निधन झाले आणि धंदा मुलाच्या, विल्यम गेन्स यांच्या, गळ्यात पडला. हे चिरंजीव त्या वेळी न्यूयॉर्क विद्यापीठात शिकत होते आणि त्यांना रसायनशास्त्राचे शिक्षक व्हायचे होते! शैक्षणिक माल खपत नव्हता. लवकरच ‘एज्युकेशनल’च्या जागी ‘एंटरटेनिंग’ आले, आद्याक्षरे तीच राहिली. अल फेल्डस्टाइन हे लेखक-संपादक सोबतीला आले आणि १९५० पासून भयकथा, गुन्हेगारी कथा व विज्ञानकथा यांची वेगवेगळी नियतकालिके सुरू झाली. ‘वियर्ड सायन्स’ आणि ‘वियर्ड फँटसी’ ही त्यांतली दोन विज्ञानकथांची. पैसा भयकथा मिळवून देत, आणि विज्ञानकथा मालकाच्या हौसेवर चालत. खप पुरेना म्हणून १९५४ मध्ये ही दोन्ही एकत्र केली गेली, आणि १९५५ मध्ये त्या जोड-द्वैमासिकाचे नाव बदलून ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’ झाले. नाव का बदलावे लागले, ते पुढे येईलच.

जाता जाता एक गंमत. १९५२ मध्ये या मंडळींनी रे ब्रॅडबरी यांच्या दोन कथा न विचारता एकत्र करून एक चित्रकथा छापली. ब्रॅडबरी यांनी वकिलाची नोटीस पाठवली नाही. आपले पन्नास डॉलर मानधन पाठवायचे बहुधा नजरचुकीने राहिले आहे, अशा अर्थाचे अत्यंत सौम्य पत्र त्यांनी लिहिले. पैसे मिळाले, आणि त्यानंतर त्यांच्या कित्येक कथा त्यांच्या नावानिशी रीतसर चित्रित झाल्या. उचलेगिरीला इतके सभ्य उत्तर आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

आता कथेकडे वळू. तिचे नाव ‘जजमेंट डे’, म्हणजे निवाड्याचा दिवस. लेखन फेल्डस्टाइन यांचे, चित्रे जो ऑर्लांडो यांची. ती पहिल्यांदा ‘वियर्ड फँटसी’च्या १८व्या अंकात, मार्च-एप्रिल १९५३ मध्ये आली होती आणि शेवटच्या अंकात पुन्हा छापली गेली. सारांश सांगताना आम्हांला शेवटही सांगावाच लागणार आहे, त्यावाचून या कथेविषयी काही बोलता येत नाही. ज्यांना आधी मूळ कथा वाचायची असेल त्यांनी येथे थांबावे. ई. सी.च्या कथांचे पुनर्मुद्रित संग्रह निघालेले आहेत.

सायब्रिनिया नावाच्या ग्रहावर केवळ यंत्रमानव राहतात. फार पूर्वी पृथ्वीवरच्या माणसांनी त्यांना तेथे सोडले आणि स्वतःची वाढ स्वतः करायला मोकळीक दिली. आता आकाशगंगेतल्या प्रजासत्ताकात या ग्रहाला सामील करून घ्यावे की नाही, हे ठरवायला टार्लटन नावाचा परीक्षक पृथ्वीहून आला आहे. त्याच्या अंगावर अवकाश-पोशाख आहे आणि डोक्यावर शिरस्त्राण. एक नारिंगी यंत्रमानव त्याला शहर दाखवतो. स्वच्छ रस्ते, कारखाने, कारभार, सगळे कसे उत्तम. नारिंगी यंत्रमानव जेथे तयार होतात तो कारखानाही तो अभिमानाने दाखवतो. सांगाडा, तारा, मेंदूची जुळणी, वरचे आवरण, आणि शेवटी ‘एज्युकेटर’ नावाचे यंत्र. आपण त्याला शिक्षकयंत्र म्हणू. नव्या यंत्रमानवाच्या मेंदूत त्याला लागणारी सगळी माहिती हे यंत्र भरते.

टार्लटन विचारतो, निळे यंत्रमानव कोठे तयार होतात? वाटाड्याला हा प्रश्न अवघड जातो. निळ्यांची वस्ती वेगळी आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. निळ्यांना बसमध्ये मागच्या भागात बसावे लागते. कामे हलकी, सोयी कमी. टार्लटन निळ्यांच्या कारखान्यात जातो आणि तेथली एकेक पायरी पहिल्या कारखान्याशी ताडून पाहतो. सांगाडा तोच, तारा त्याच, मेंदू तोच. आवरणाचा रंग तेवढा वेगळा, आणि शिक्षकयंत्र वेगळे. निळ्याला निळेपण आणि त्याची ‘पायरी’ हे यंत्र शिकवते. टार्लटन निर्णय देतो की हा ग्रह अजून प्रजासत्ताकात यायला तयार नाही. खिन्न झालेल्या वाटाड्याला तो धीरही देतो. पृथ्वीवरही एके काळी अशीच निराशा होती, माणसे एकत्र राहायला शिकली तेव्हाच ती ताऱ्यांपर्यंत पोचली. मग तो यानात बसतो आणि शिरस्त्राण काढतो. शेवटच्या चौकटीत उपकरणांच्या दिव्यांच्या उजेडात त्याचा चेहरा पहिल्यांदा दिसतो. तो कृष्णवर्णीय आहे, आणि त्याच्या कातडीवरचे घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकत आहेत.

वेगळी वस्ती म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेतला प्रश्न आणि आपला प्रश्न यांची सांगड जोतीराव फुले यांनी १८७३ मध्येच घातली होती. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले आहे.

विज्ञानकथा म्हणून या सात-आठ पानांकडे पाहिले तर काय दिसते? यंत्रांनी यंत्रे घडवावीत ही कल्पना तेव्हा नवीन नव्हती. कारेल चापेक यांनी १९२० मध्ये ‘रोबो’ हा शब्द रूढ करणारे नाटक लिहिले होते, आणि जॉन फॉन नॉयमन यांनी स्वतःची प्रतिकृती घडवणाऱ्या यंत्राचा तर्कशुद्ध विचार १९४८ मध्ये व्याख्यानात मांडला होता. कथेत खरी नवी सूझ आहे ती शिक्षकयंत्राची. यंत्राची जडणघडण वेगळी आणि त्यात भरलेल्या सूचना वेगळ्या, हा भेद आज संगणक हाताळणाऱ्या सातवीतल्या मुलालाही ठाऊक असतो. १९५३ मध्ये संगणक प्रत्यक्ष पाहिलेली मुले जवळजवळ नव्हतीच. दहा सेंटच्या अंकात हा भेद इतक्या स्वच्छपणे मांडलेला पाहून आम्हांला कौतुक वाटले.

चित्रांविषयी मात्र हातचे राखून बोलावे लागेल. ई. सी.मध्ये आधी मजकूर कागदावर चढवला जाई आणि उरलेल्या जागेत चित्रकाराने चित्र बसवायचे, अशी पद्धत होती. त्यामुळे चौकटीचा बराच भाग शब्दांनी व्यापलेला असतो आणि चित्रात जे दिसते तेच वर पुन्हा लिहिलेले असते. कारखान्याच्या चौकटींत तर हे फारच जाचते. मुलांना कॉमिक्स काढायला लावणाऱ्या शिक्षकांनी ही चूक दाखवण्यासाठी ही पाने जरूर वापरावीत. रंगकाम मात्र वाखाणण्यासारखे आहे. ई. सी.च्या अंकांना रंग देण्याचे काम मेरी सेव्हरिन करीत. पुढे या कथांची कृष्णधवल पुनर्मुद्रणेही निघाली. त्यांत एक मौज होते. रंग गेले की नारिंगी आणि निळा वेगळे ओळखूच येत नाहीत. चौकटीतला यंत्रमानव कोणत्या जातीचा, हे कळायला शब्द वाचावे लागतात. कथेत टार्लटनने जे सिद्ध केले तेच ही पाने न बोलता करून दाखवतात.

आता मुख्य मुद्दा. टार्लटनने केले ते काय? आम्ही याला तुलनेचा धडा म्हणू. वाटाड्याने दाखवले तेवढ्यावर तो थांबला असता तर त्याचा अहवाल उत्तम झाला असता आणि साफ चुकला असता. एका गटाकडे कितीही बारकाईने पाहिले तरी दोन गटांतल्या फरकाविषयी काहीच कळत नाही, त्यासाठी दुसरा गट पाहावाच लागतो. आणि नुसते पाहून भागत नाही. त्याच क्रमाने, तेच प्रश्न विचारत पाहावे लागते. पाठ्यपुस्तकात ‘नियंत्रित प्रयोग’ म्हणून जी व्याख्या मुले पाठ करतात तिचा आत्मा एवढाच आहे. दोन कुंड्या, एक उजेडात आणि एक अंधारात, हा प्रयोग आपण सर्वजण करतो. पण ‘एकच कुंडी ठेवली असती तर काय बिघडले असते?’ हा प्रश्न किती वेळा विचारतो?

येथे एका संशोधकाची खोड म्हणून आम्ही टार्लटनच्या प्रयोगातही खोट काढणार आहोत. दोन कारखान्यांत एक नव्हे, दोन फरक होते. आवरणाचा रंग वेगळा आणि शिक्षकयंत्रही वेगळे. हे दोन्ही फरक नेहमी बरोबरच येतात. मग निळ्यांच्या वेगळ्या वागण्याचे कारण रंग नसून शिक्षण आहे, हे कशावरून? टार्लटन म्हणेल की आवरणाचा आतल्या तारांशी काही संबंधच नाही, मी जुळणी पाहिली आहे. ते खरे आहे. तथापि ते कार्यपद्धतीवरून काढलेले अनुमान झाले. प्रत्यक्ष प्रयोग करायचा तर एका निळ्या आवरणाच्या यंत्रमानवाला नारिंगी शिक्षकयंत्राखालून काढायला हवे, आणि एका नारिंगीला निळ्याच्या. असा उलटापालट केलेला प्रयोग कथेत नाही. चांगला विद्यार्थी तो सुचवेल.

माणसांच्या बाबतीत असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. परंतु इतिहास कधी कधी तो करून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत अमेरिकन सैनिक होते. काही जर्मन स्त्रियांना त्यांच्यापासून मुले झाली, काहींचे वडील कृष्णवर्णीय तर काहींचे गोरे. दोन्ही प्रकारची मुले जर्मन आयांजवळ, जर्मन शाळांत वाढली. क्लाउस आयफर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यांची बुद्धिमापन चाचणी घेतली. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांचे सरासरी गुणांक सुमारे ९६.५ आणि ९७ होते, म्हणजे फरक नव्हताच म्हणा. या अभ्यासालाही मर्यादा आहेत. सैन्यात भरती होताना चाळणी लागते, त्यामुळे वडील हे आपापल्या समाजाचे सरासरी प्रतिनिधी नव्हेत. तरीही निळे आवरण आणि नारिंगी शिक्षकयंत्र एकत्र येण्याच्या जवळपास जाणारे हे उदाहरण आहे.

याहून सूक्ष्म असा एक प्रयोग या कथेत आहे, आणि तो वाचकावर केलेला आहे. शेवटच्या चौकटीपर्यंत टार्लटनचा चेहरा शिरस्त्राणाआड असतो. चेहऱ्याविना माणसाशी आपण बोलू शकत नाही, म्हणून वाचक स्वतःच एक चेहरा तेथे बसवतो. १९५३ चा अमेरिकन वाचक कोणता चेहरा बसवत असेल हे सांगायला नको. शेवटच्या चौकटीत त्याला कळते की तो चेहरा कोणी दिला नव्हता, आपल्या डोक्यातल्या शिक्षकयंत्राने भरला होता. म्हणजे शेवटची चौकट ही कथेची सजावट नव्हे, ती या प्रयोगाच्या निष्कर्षाची नोंद आहे. ब्रॅडबरी यांनी ही कथा वाचून संपादकांना पत्र लिहिले, आणि देशातल्या प्रत्येकाने ती वाचली पाहिजे अशा शब्दांत तिची वाखाणणी केली, याचे आम्हांला नवल वाटत नाही.

आता दुसऱ्या परीक्षकाकडे. डॉ. फ्रेडरिक वर्थम हे जर्मनीत जन्मलेले, न्यूयॉर्कमध्ये काम करणारे मनोविकारतज्ज्ञ. कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, हे मत ते अनेक वर्षे मांडत होते आणि १९५४ मध्ये त्यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावण्या घेतल्या. वर्थम यांनी साक्ष दिली आणि त्याच दिवशी गेन्स यांनीही दिली. गेन्स यांची साक्ष फसली. तुटलेले मुंडके आणि कुऱ्हाड हातांत धरलेला माणूस असे एक मुखपृष्ठ सिनेटर केफॉव्हर यांनी पुढे धरले आणि हे अभिरुचीला धरून आहे का, असे विचारले. भयकथेच्या मुखपृष्ठाला शोभेल असे आहे, असे गेन्स म्हणाले, आणि मुंडके आणखी वर धरून मानेतून रक्त गळताना दाखवले असते तर ते वाईट ठरले असते अशी पुस्तीही जोडली. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत झळकले. आमचे स्वतःचे मत विचाराल, तर ते मुखपृष्ठ आम्हीही दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देणार नाही. ई. सी.च्या सगळ्याच अंकांची वकिली करण्याचा आमचा हेतू नाही.

प्रश्न आहे तो पुराव्याचा. वर्थम यांच्याकडे येणारी मुले दवाखान्यात आणलेली, आधीच अडचणीत सापडलेली होती. ती कॉमिक्स वाचत होती, यात शंका नाही. पण त्या वर्षांत अमेरिकेतली जवळजवळ सगळीच मुले कॉमिक्स वाचत होती! गुन्हा केलेली मुले कॉमिक्स वाचत, गुन्हा न केलेलीही वाचत. कोकणातल्या तुरुंगात पाहणी करून कैदी भात खातात म्हणून भात गुन्हेगारी वाढवतो, असे म्हणण्यापैकी हे झाले. दुसरा कारखाना पाहिलाच गेला नव्हता. पुढे आणखीही निघाले. वर्थम यांची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि २०१० मध्ये ती अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या अभ्यासिकेने मूळ टिपणे पुस्तकाशी ताडून पाहिली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोठे दोन मुलांची विधाने एकाच्या तोंडी घातलेली, कोठे मुलांचे शब्द बदललेले, कोठे घरच्या व आजूबाजूच्या अडचणी गाळून केवळ कॉमिक्स शिल्लक ठेवलेले. आकडेही फुगवलेले होते.

याच वर्थम यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, एका चर्चच्या तळघरात नाममात्र शुल्क घेणारा मानसोपचार दवाखाना उघडला होता. डेलावेअर राज्यातल्या शाळांमध्ये वर्णावरून मुलांना वेगळे बसवण्याविरुद्ध खटला उभा राहिला तेव्हा, १९५१ मध्ये, अशा विभाजनाने मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याची साक्ष त्यांनीच दिली. १९५२ मध्ये तेथील न्यायाधीशांनी कृष्णवर्णीय मुलांच्या बाजूने निकाल दिला. तो खटला पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राऊन खटल्यातल्या पाच प्रकरणांपैकी एक झाला. म्हणजे ‘जजमेंट डे’ ही कथा जे सांगते त्यासाठी हा गृहस्थ आयुष्य वेचत होता. त्यांना लबाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर होणार नाही. एका कामात मुलांविषयीची कळकळ आणि पुरावा हातात हात घालून गेले. दुसऱ्या कामात कळकळच इतकी बळावली की पुराव्याकडून काय हवे ते आधीच ठरले. आम्हां संशोधकांना हा रोग चांगला परिचित आहे. तो वाईट माणसांना होतो अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी.

सुनावण्यांनंतर, सरकारने कायदा करण्याआधी आपणच काही करावे म्हणून प्रकाशकांनी १९५४ च्या शरद ऋतूत एक आचारसंहिता आणि ती राबवणारे कार्यालय उभारले. न्यूयॉर्कचे दंडाधिकारी चार्ल्स मर्फी त्याचे प्रमुख झाले. शीर्षकात ‘हॉरर’, ‘टेरर’ असे शब्द चालणार नाहीत असा नियम झाला आणि ‘वियर्ड’ हा शब्दही अडचणीचा ठरला. वर सांगितलेल्या नामांतराचे कारण हेच. गेन्स यांनी आधी सामील व्हायला नकार दिला. पण कार्यालयाची मुद्रा नसलेले अंक विक्रेते घेईनात, गठ्ठे न उघडताच परत येऊ लागले. तेव्हा तेही आत आले.

३३व्या अंकासाठी तयार झालेली, अँजेलो टोरेस यांनी चित्रित केलेली एक कथा कार्यालयाने नाकारली. तिच्या जागी गेन्स आणि फेल्डस्टाइन यांनी जुनी ‘जजमेंट डे’ पाठवली. तीही अडली. अवकाशयात्री कृष्णवर्णीय असता कामा नये, असे मर्फी यांचे म्हणणे. फेल्डस्टाइन म्हणाले, अहो, सगळी कथा त्याच्यासाठीच तर आहे. गेन्स यांनी हे सगळे जाहीर करण्याची आणि न्यायालयात जाण्याची धमकी दिली. त्यावर मागणी खाली आली. निदान कातडीवरचे घामाचे थेंब तरी काढा! ही हकीगत गेन्स व फेल्डस्टाइन यांनी नंतर सांगितलेली, म्हणजे एका बाजूची आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावी. कथा मात्र बदल न करता छापली गेली, हे अंकच सांगतो. त्यानंतर गेन्स यांनी रंगीत कॉमिक्स बंद केले. ‘मॅड’ हे त्यांचे विनोदी नियतकालिक त्याआधीच मोठ्या आकारात, मासिकाच्या स्वरूपात निघू लागल्यामुळे कार्यालयाच्या कक्षेबाहेर होते. ते पुढे कित्येक दशके चालले.

संहितेत कृष्णवर्णीय अवकाशयात्रीला मनाई करणारे एकही कलम नव्हते. उलट कोणत्याही धर्माची वा वंशाची टवाळी किंवा त्यांच्यावर हल्ला कदापि खपवून घेतला जाणार नाही, असे कलम होते. नियम नीट लिहिलेला होता, तो चालवणाऱ्याच्या मनातले शिक्षकयंत्र वेगळे होते. आणि काळ पाहा. ५ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला, तो ३८१ दिवस चालला. प्रश्न हाच होता, की बसमध्ये मागे कोणी बसायचे. कॉमिक्सच्या पानावर निळा यंत्रमानव जेथे बसला होता तेथेच.

इतके कौतुक केल्यावर आमचा एक गंभीर आक्षेप नोंदवतो. टार्लटनचा निवाडा उभा आहे तो ‘सुटे भाग सारखे आहेत’ या निरीक्षणावर. दोघांचे सांगाडे एक, तारा एक, म्हणून भेदभाव चूक. माणसांना हे लावायला जावे तर पाया डळमळतो. माणसे एका साच्यातून निघत नाहीत. कोणाची उंची वेगळी, कोणाची दृष्टी, कोणाचे गणित. हे खरे की हे वैविध्य कातडीच्या रंगाच्या रेषेवर विभागलेले नाही. रिचर्ड लुवाँटिन यांनी १९७२ मध्ये दाखवले की मानवातल्या जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के कोणत्याही एका समाजाच्या आतच सापडते. तथाकथित वंशांमधला वाटा त्या मानाने फारच लहान. परंतु समजा तो थोडा मोठा निघाला असता, तर? तर वेगळ्या वस्त्या न्याय्य ठरल्या असत्या का? समान वागणुकीचा हक्क सुट्या भागांच्या सारखेपणावर टांगला की प्रयोगशाळेतून येणाऱ्या प्रत्येक नव्या आकड्यानिशी तो हेलकावे खाणार. युनेस्कोने १९५० आणि १९५१ मध्ये वंशाविषयी जी निवेदने प्रसिद्ध केली त्यांत शास्त्रज्ञांनी हे स्पष्टच म्हटले होते, की समता हे नैतिक तत्त्व आहे आणि सर्वांच्या क्षमता प्रत्यक्षात सारख्या आहेत या दाव्यावर ते मुळीच अवलंबून नाही. कथा त्यानंतरची आहे. फेल्डस्टाइन यांनी सोपी वाट धरली. यंत्रमानव निवडल्यामुळे प्रयोग स्वच्छ झाला, पण अवघड प्रश्न वगळला गेला.

कथा वर्गात वाचली तर दुसऱ्या कारखान्याच्या शेवटच्या चौकटीपाशी थांबावे आणि मुलांना एवढेच सांगावे : समजा निळ्यांच्या गुडघ्यातली एक स्प्रिंग खरोखरच वेगळी निघाली, आता टार्लटनने अहवालात काय लिहावे? आठवी-नववीच्या मुलांना एक तासिका त्याला पुरणार नाही.